‘गाठींपर्यंत गेलंय’ : प्रोस्टेटचा कर्करोग, लसीका गाठी आणि परळ

१/
आजच्या धाग्यात गड नाही, ताम्रपट नाही, तहही नाही. आहे ती मानवी शरीरातील वाटाण्याएवढी एक गाठ. तिचा इतिहास लिहावासा वाटला, कारण मागील वर्षी शहाडच्या आमच्या घरात एक वाक्य आले आणि मुक्कामालाच राहिले : “गाठींपर्यंत गेलंय.”

२/
आजोबांना लघवीचा त्रास दोन वर्षे होता. रात्रीतून चार-चार वेळा उठणे, धार बारीक होणे. हे सारे “वय झालं, होणारच” या सदरात जमा झाले होते. मग कोणीतरी पीएसए नावाची रक्ततपासणी सुचवली. तिच्यामागून बायोप्सी आली, बायोप्सीमागून पेट स्कॅन. अहवाल सांगत होता : प्रोस्टेटचा कर्करोग, ओटीपोटातील दोन लसीका गाठींत प्रसार, अवस्था चौथी. आजोबांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “चार म्हणजे संपलं. उगाच पैसे घालवू नका.” नातीने आजोबांशी या अवयवाविषयी बोलावे, अशी आमच्या घरात सोय नव्हती. तेव्हा मला जे येते ते मी केले. वाचत बसले.

३/
मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. उपचारांचा सल्ला येथे कोणी शोधू नये. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. ‘गाठींपर्यंत जाणे’ याचा अर्थ कोणी ठरवला, केव्हा ठरवला आणि तो किती वेळा बदलला?

४/
आधी थोडे शरीरशास्त्र. रक्तवाहिन्यांच्या जोडीने शरीरात आणखी एक जाळे असते. पेशींभोवती झिरपलेले द्रव्य गोळा करून ते पुन्हा रक्तात पोहोचवते. हे द्रव्य म्हणजे लसीका, आणि तिच्या वाटेवर जागोजागी बसवलेल्या चौक्या म्हणजे लसीका गाठी, म्हणजेच लिम्फ नोड. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपल्याकडे ‘अवधाण’ म्हणतात. चौकीने घुसखोर अडवला आहे, एवढाच तिचा अर्थ. कर्करोगाची सुटी पेशीही याच वाटेने निघते आणि अनेकदा पहिल्या चौकीवर अडकते. फरक इतकाच की जंतू तेथे बहुधा मारला जातो, ही पेशी मात्र तेथे घर करू शकते.

५/
मुंबई इलाख्याला गाठीची ओळख एका भयंकर मार्गाने झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचे मराठी नावच मुळी ‘गाठीचा ताप’. ग्रांथिक मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून तपासण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मुंबईहून निघालेल्या गाड्या ज्या जंक्शनवर फुटतात, ते आमच्या शेजारचे कल्याण. तेथे प्रवाशांच्या जांघा आणि काखा चाचपल्या जात. परक्याची बोटे, उघडा फलाट, आणि त्यात स्त्रियाही. त्या अपमानाची धग पुण्यात कुठवर गेली हे या धाग्याच्या वाचकांना सांगायला नको. २२ जून १८९७ ची रात्र सर्वांना पाठ आहे.

६/
मला वाटते, आपल्या भाषेतील ‘गाठ’ या शब्दाचा थरकाप तेथून आलेला आहे. गाठ निघाली म्हणजे माणूस गेला. प्लेग ओसरला, भीती मात्र शब्दात तशीच राहिली. आजोबांच्या पिढीने ती आपल्या आजोबांकडून ऐकलेली.

७/
पण कल्याणच्या फलाटावरील डॉक्टरला प्रोस्टेटच्या गाठी कधीच सापडल्या नसत्या. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, ओटीपोटाच्या तळाशी असते. तिची लसीका जांघेकडे सहसा वळत नाही. ती कटिपोकळीच्या आत, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने बसलेल्या गाठींकडे जाते आणि तेथून वर, कण्याच्या पुढील महारोहिणीकडे. बोटाने या गाठी लागत नाहीत. म्हणून या रोगाचा इतिहास बऱ्याच अंशी ‘न दिसणारी गाठ पाहण्याचा’ इतिहास आहे.

८/
पहिली नोंद १८५३ ची. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली तेच वर्ष. लंडन हॉस्पिटलचे शल्यचिकित्सक जॉन ॲडम्स यांनी एका ५९ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासून प्रोस्टेटचा कर्करोग सिद्ध केल्याची ही पहिली हकीकत मानली जाते. ॲडम्स यांनी त्या लेखाच्या शीर्षकातच कंबरेच्या व कटिपोकळीच्या लसीका ग्रंथी बाधित असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे या रोगाने वैद्यकीय वाङ्मयात पाऊल टाकले तेच गाठींसह. तो रुग्ण निदानानंतर तीन वर्षांत वारला. ॲडम्स यांनी या विकाराला अत्यंत दुर्मीळ म्हटले आहे.

९/
(येथे कोणीतरी “आमच्या सुश्रुताला हे आधीच ठाऊक होते” असे लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. सुश्रुतसंहितेच्या मूत्राघात प्रकरणात ‘वाताष्ठीला’ आहे : लघवी अडवणारी, दगडासारखी कठीण गाठ. मराठी विश्वकोशाने प्रोस्टेटला ‘अष्ठीला ग्रंथी’ म्हटले ते त्याच शब्दावरून. वर्णन सुंदर आहे. परंतु त्यावरून कर्करोगाचे निदान वाचणे म्हणजे बखरीतून हवामानाचा अंदाज काढणे होय.)

१०/
‘दुर्मीळ’ का? एक उत्तर सरळ आहे. हा प्रामुख्याने म्हातारपणाचा रोग, आणि म्हातारपण हेच दुर्मीळ होते. भारतात १९४० च्या दशकात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. दुसरे उत्तर, जे मरत ते ‘लघवी तुंबून’ किंवा ‘पाठीच्या दुखण्याने’ मेले असे लिहिले जाई. मृत्यूच्या नोंदींवर काम करणाऱ्यांना हा सापळा परिचित आहे : जे शोधले जात नाही, त्याची नोंद होत नाही, आणि जे नोंदीत नाही ते नव्हतेच असे आपण समजतो.

११/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठींसह सारे कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. कर्करोग पायरीपायरीने पसरतो. तेव्हा पायऱ्याच काढून टाका, असा तो विचार. ७ एप्रिल १९०४ रोजी त्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगग्रस्त प्रोस्टेट समूळ काढली, आणि मदतनीस म्हणून उभे होते स्वतः हॉल्स्टेड. मौज अशी की यंग शिरले ते खालून, गुदद्वार आणि अंडकोश यांच्यामधील जागेतून. त्या वाटेने गाठींपर्यंत हातच पोहोचत नाही. गाठी काढण्याचा आग्रह धरणारा माणूस शेजारी उभा असताना गाठी आत राहिल्या! जघनास्थीच्या मागून जाणारी वाट लंडनमध्ये काम करणाऱ्या टेरेन्स मिलिन या आयरिश शल्यचिकित्सकाने १९४० च्या दशकात प्रचारात आणली, तेव्हा प्रोस्टेट आणि तिच्या गाठी एकाच छेदातून दिसू लागल्या.

१२/
आता १९४१. या सालापाशी थोडे थांबू.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढील वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते टाटा मेमोरियलचे उद्घाटन झाले. तेथून चालत काही मिनिटांवर जुने गव्हर्नमेंट हाउस आहे. १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथे हलवली गेली होती. आजची हाफकिन संस्था ती हीच. गाठीच्या तापाशी झुंजलेली वास्तू आणि गाठींचा पाठलाग करणारे रुग्णालय एकमेकांच्या शेजारी आहेत. परळला उतरून मी हे अंतर पायी चालून पाहिले. मधे उसाच्या रसाचे एक गुऱ्हाळ लागते.

१३/
त्याच १९४१ च्या वसंतात शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग पुरुषी संप्रेरकावर जगतो. अंडकोश काढले किंवा स्त्री-संप्रेरक दिले की तो आकसतो. हाडांच्या वेदनेने अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली. तोवर ‘पसरलेला कर्करोग’ म्हणजे फक्त वाट पाहणे होते. प्रथमच कोणीतरी त्याला दूरवरून, त्याला हातही न लावता, मागे ढकलले. हगिन्स यांना नोबेल मिळण्यास १९६६ उजाडले. आज आजोबांना दर तीन महिन्यांनी जे इंजेक्शन दिले जाते, ते काम तेच करते, शस्त्राविना.

१४/
परळला मात्र त्या काळी प्रोस्टेटकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते, आणि ते स्वाभाविक होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथे विकृतिशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्यापुढे येत ते तंबाखूने पोखरलेले गाल, आणि कंबरेला घट्ट धोतर वर्षानुवर्षे काचून झालेला त्वचेचा कर्करोग. ‘धोतर-कर्करोग’ हे नावच त्यांच्या १९४५ च्या लेखनाने जगाला कळले. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा कोठे मोजदाद होऊ लागली. माणसे जगू लागली, म्हातारी होऊ लागली, आणि महानगरांच्या याद्यांत प्रोस्टेट वर सरकत गेली.

१५/
गाठींचा अर्थ मात्र दीर्घकाळ काळाकुट्टच राहिला. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या विलेट व्हिटमोर यांनी या रोगाचे चार वर्ग पाडले आणि शेवटचा वर्ग ठरला तो प्रोस्टेटबाहेर दूर पसरलेल्यांचा. पुढे त्याचे दोन पोटभाग झाले : एक केवळ कटिपोकळीतील गाठींचा, दुसरा हाडांचा. अक्षर मात्र एकच राहिले. १९७० आणि ८० च्या दशकांत शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गाठीचा तुकडा गोठवून तपासत. त्यात कर्करोग निघाला तर अनेक शल्यचिकित्सक प्रोस्टेटला हात न लावता पोट शिवून टाकत. “आता काय उपयोग?” रुग्ण शुद्धीवर येई, तेव्हा त्याच्या अंगावर टाके असत आणि रोग जागच्या जागी.

१६/
हे क्रौर्य नव्हते, त्यांच्याकडील पुरावाच तसा होता. कोणाच्या गाठी बाधित आहेत हे कळे तेव्हा रोग बहुधा बराच पुढे गेलेला असे. शिवाय १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी कटिपोकळीतून थेट कण्याकडे जाणाऱ्या शिरांचे जाळे दाखवले होते. म्हणजे रोग चौक्या टाळून आडवाटेनेही जातो. तेव्हा चौकी काढून काय साधणार? शंका रास्त होती. पण सर्वांच्या बाबतीत खरी नव्हती.

१७/
येथे कथा अमेरिकेतील बफेलो शहरी वळते. तेथील रॉझवेल पार्क संस्थेत १९७९ मध्ये पीएसए हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले. रक्ताच्या थेंबातून रोगाची चाहूल देणारी ती तपासणी हीच. आणि त्याच संस्थेत, त्याच्या दोन वर्षे आधी, ५० वर्षांचा एक रुग्ण होता. त्याचा प्रोस्टेटचा कर्करोग डाव्या हंसळीच्या वरील लसीका गाठीपर्यंत गेला होता. त्या गाठीतून सुईने घेतलेल्या पेशी काचेच्या बशीत जगल्या, वाढल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांचे नाव एलएनकॅप. यातील पहिली दोन अक्षरे ‘लिम्फ नोड’ची.

१८/
याच पेशींवर काम करताना १९८७ मध्ये एक प्रतिपिंड तयार झाले आणि त्यातून पेशीच्या आवरणावरील एक खूण सापडली : पीएसएमए. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवर ती भरघोस असते. पुढे जर्मनीत हायडेलबर्ग येथे त्या खुणेला चिकटणारा किरणोत्सारी रेणू बनवला गेला, आणि पेट स्कॅनच्या पडद्यावर काही मिलिमीटरच्या गाठीही दिव्यासारख्या लागू लागल्या. ऑस्ट्रेलियातील ३०२ पुरुषांच्या चाचणीत (२०२०) या स्कॅनची अचूकता ९२ टक्के, तर जुन्या सीटी व अस्थिस्कॅनची ६५ टक्के निघाली. एका माणसाच्या गाठीतून निघालेली खूण आज इतरांच्या गाठी शोधते. आजोबांच्या अहवालातील त्या ‘दोन गाठी’ अशाच दिसल्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बहुधा त्या दिसल्याच नसत्या आणि अहवालावर कमी भीतिदायक आकडा छापला गेला असता. रोग तोच, माणूस तोच.

१९/
आता परळचा खरा वाटा. प्रश्न असा : रोग आक्रमक आहे, पण स्कॅनमध्ये गाठी स्वच्छ आहेत. तरीही तेथे न दिसणाऱ्या पेशी असू शकतात. मग किरणोपचार (आपल्याकडे ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात) केवळ प्रोस्टेटला द्यावा की गाठींच्या सगळ्या पट्ट्याला? अमेरिका आणि फ्रान्समध्ये यावर मोठ्या चाचण्या होऊन गेल्या होत्या, पण उत्तर धूसरच राहिले. कमी धोक्याचे रुग्णही त्यांत मिसळले होते आणि किरणांची मात्रा आजच्या मानाने कमी होती.

२०/
टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती व सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ पुरुषांना या चाचणीत घेतले. गाठींत छुपा रोग असण्याचा अंदाजे धोका किमान २० टक्के असलेलेच निवडले; त्यांतील सुमारे ८० टक्क्यांची तपासणी पीएसएमए स्कॅनने झाली होती. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर शेक, निम्म्यांना गाठींसह. सर्वांना २५ बैठका, सर्वांना किमान दोन वर्षे संप्रेरक-उपचार. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले पुरुष : गाठींसह शेक घेतलेल्यांत ९५ टक्के, केवळ प्रोस्टेटवर घेतलेल्यांत ८१.२ टक्के.

२१/
यावर ‘भारताने जगाला शिकवले’ छापाचे संदेश फिरतात, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. चाचणी एकाच रुग्णालयातील आणि लहान. पाच वर्षांत जिवंत असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच. गाठींवर शेक घेतलेल्यांना लघवीचे उशिरा उद्भवणारे त्रास अधिक. तेव्हा वादाचा शेवट झाला असे नव्हे. तरी शंभर वर्षे जी वाट शेवटाची खूण मानली गेली, ती उपचाराची जागा ठरू शकते याचा नियंत्रित चाचणीतून आलेला पुरावा ॲडम्सपासून हॉल्स्टेडपर्यंत कोणाकडेच नव्हता. तो परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर तयार झाला.

२२/
ज्यांच्या गाठींत रोग दिसतोच आहे, त्यांचे काय? आजोबांसाठी खरा प्रश्न हा होता, आणि परळची चाचणी त्यांच्यासारख्यांवर नव्हती. त्याचे उत्तर ब्रिटनमधील स्टॅम्पीड या दीर्घ चाचणीत मिळाले. रोग दूर पसरलेला नाही पण धोका मोठा आहे, अशा पुरुषांत गाठी बाधित असलेलेही होते. नेहमीच्या उपचाराला ॲबिराटेरोन या गोळ्यांची जोड दिल्यावर सहा वर्षांनी ८६ टक्के जिवंत होते. जोड न दिलेल्यांत ७७ टक्के. हे आकडे २०२२ चे आहेत.

२३/
म्हणजे ‘चौथी अवस्था’ हा आजच्या अहवालावरील शब्द व्हिटमोरच्या शेवटच्या अक्षराचा वारस आहे. सध्याच्या वर्गीकरणातही जवळच्या गाठींत गेलेला रोग आणि हाडांत गेलेला रोग एकाच चौथ्या अवस्थेत बसतात, एक ‘अ’, दुसरा ‘ब’. आमच्या कागदावर तो ‘अ’ छापला होता. इतका बारीक की घरात कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

२४/
मी तो ‘अ’ पेनने गोल करून आजोबांपुढे ठेवला. काही बोलायचे ठरवले नव्हते, पण बोलावे लागले : प्रोस्टेट, लघवी, अंडकोश, सारे शब्द. ते खिडकीबाहेर पाहत ऐकत होते. नंतर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी स्वतःच्या अक्षरात, जुन्या हिशेबाच्या वहीत लिहून काढले. पाचव्या प्रश्नापाशी डॉक्टर हसले म्हणे.

२५/
शेक पूर्ण झाला. इंजेक्शने आणि गोळ्या चालू आहेत. पीएसएच्या चिठ्ठ्या महालक्ष्मी कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेल्या असतात, सर्वांत नवी सर्वांत वर. अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, त्याची ते तक्रार करतात. आणि पहाटे शहाडच्या पुलावर फिरायला जातात.

२६/
हा धागा टाकण्यापूर्वी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. प्लेगच्या भागात त्यांनी मान हलवली. त्यांच्या आजीने गावाबाहेरच्या झोपडीत काढलेले दिवस ते मला आता, पहिल्यांदाच, सांगणार आहेत. तो पुढचा धागा. बफेलोच्या भागापाशी त्यांनी मला थांबवले.

“ज्याच्या गाठीतून हे सगळं निघालं, त्या माणसाचं नाव काय?”

“नाव दिलेलं नाही, आजोबा. फक्त वय आहे. पन्नास.”

“पन्नास,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बरं. पुढचं वाच.”